नेट चालू, पण साइट उघडत नाही: लिनक्सचं डीएनएस दुरुस्त करा, मग त्याला कुलूप लावा

वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, त्याच वायफायवर मोबाइल मजेत चालतो, पण लॅपटॉपवर एकही साइट उघडत नाही. अशा वेळी बरेच जण आधी राउटर बंद-चालू करतात, मग ड्रायव्हरच्या मागे लागतात आणि शेवटी लिनक्सच नव्याने टाकतात. बहुतेकदा एवढा खटाटोप करायची गरज नसते. घोडं पेंड खातं ते डीएनएसपाशी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेपाशी. आपण कुठल्या साइटवर जातो हे बाहेर फुटतं तेही इथूनच. म्हणून दोन्ही कामं एका बैठकीत उरकावीत, पण आधी दुरुस्ती आणि मगच कुलूप. बिघडलेल्या डीएनएसवर एन्क्रिप्शन (प्रश्न बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून केलेलं सांकेतिक रूप, म्हणजेच आपलं कुलूप) चढवलं तर मूळ दोष कोणता आणि नवा कोणता, हे कळेनासं होतं.

पुढचं सगळं उबुंटू २२.०४ आणि २४.०४, तसंच त्यांच्यावर उभ्या असलेल्या लिनक्स मिंट २१ आणि २२ साठी आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. पहिली चार-पाच अक्षरं टाकून टॅब दाबलीत की स्पेलिंगची चूक टळते.

दोष नक्की कुठे आहे?

टर्मिनल उघडून दोन आज्ञा एकामागून एक द्या:

पिंग -सी ३ ९.९.९.९
पिंग -सी ३ विकिपीडिया.ऑर्ग

पहिलीला तीन उत्तरं आली आणि दुसरीला ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझॉल्यूशन’ असा संदेश आला, तर दोष डीएनएसचाच. पहिलीलाच उत्तर नसेल तर आधी केबल, राउटर किंवा वायफायकडे बघा. डीएनएसला हात लावून काही मिळणार नाही.

दोष डीएनएसचा ठरला की ही फाइल तपासा:

एलएस -एल /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

इथे स्पेलिंगची मोठी फसगत होते. या फाइलच्या नावात ‘व्ही’नंतर ‘ई’ नाही. पण रिझॉल्व्हसीटीएल ही आज्ञा आणि सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा, या दोन्हींत ‘ई’ आहे.

आज्ञेच्या उत्तरात बाण दिसायला हवा आणि बाणापुढे ../रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ असा मार्ग. (यातल्या फोल्डरच्या नावात ‘ई’ आहे, फाइलच्या नावात नाही.) बाणच नसेल, तर कोणत्या तरी प्रोग्रामने किंवा कुणी हाताने तिथे साधी फाइल ठेवली आहे. व्हीपीएनचा एखादा प्रोग्राम काढून टाकल्यावर हे हमखास होतं: प्रोग्राम जातो, पण त्याने लिहून ठेवलेला, आता कुणीच उत्तर न देणारा पत्ता मागे राहतो. बाण परत जोडायचा तो असा:

सुडो एलएन -एसएफ ../रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

मग सेवा पुन्हा सुरू करा:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-रिझॉल्व्हड

त्या फाइलमध्ये थेट पत्ता लिहून मोकळं होण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो मानू नका. बाण जोडलेला असताना तिथे लिहिलेलं पुढच्या वेळी पुसलं जातं, आणि बाण तोडून लिहिलंत तर वर सांगितलेला बिघाड आपल्याच हाताने तयार होतो.

बाहेर काय दिसतं ते आधी डोळ्यांनी बघा

साइट एचटीटीपीएसवर असली तरी तिचं नाव विचारणारा डीएनएसचा प्रश्न एरवी पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे जोडणीतला क्रमांक दिलेला दरवाजा) उघडाच जातो. ‘आयपी लिंक’ ही आज्ञा देऊन वायफायच्या जोडणीचं नाव शोधा. ते ‘डब्ल्यूएल’ने सुरू होतं. मग:

सुडो टीसीपीडंप -एन -आय (जोडणीचं नाव) पोर्ट ५३

आता ब्राउझरमध्ये आज न उघडलेली एखादी साइट उघडा. टर्मिनलमध्ये ओळी धावू लागतील आणि त्यात ‘ए?’च्या पुढे त्या साइटचं नाव अक्षरन् अक्षर वाचता येईल. राउटर चालवणारा आणि इंटरनेट सेवा देणारी कंपनी नेमकं हेच वाचू शकते. कंट्रोल-सी दाबून थांबा. काहीच दिसलं नाही, तर फायरफॉक्स आधीपासून स्वतःचं एन्क्रिप्टेड डीएनएस वापरत असेल. त्याबद्दल पुढे येईल.

कुलूप लावणं

आधी मूळ फाइलची प्रत ठेवा, मग फाइल उघडा:

सुडो सीपी /ईटीसी/सिस्टिमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ /ईटीसी/सिस्टिमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ.जुनी
सुडो नॅनो /ईटीसी/सिस्टिमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ

चौकटी कंसातल्या ‘रिझॉल्व्ह’ या ओळीखाली या तीन ओळी हव्यात (यातली क्वाड९ ही डीएनएसची उत्तरं देणारी संस्था, तिच्याबद्दल शेवटी):

डीएनएस=९.९.९.९#डीएनएस.क्वाड९.नेट १४९.११२.११२.११२#डीएनएस.क्वाड९.नेट
डीएनएसओव्हरटीएलएस=येस
डोमेन्स=~.

या फाइलमध्ये अक्षरांचा लहान-मोठेपणा महत्त्वाचा आहे. = या चिन्हाआधीचे ‘डीएनएस’ आणि ‘टीएलएस’ पूर्ण मोठ्या अक्षरांत, ‘ओव्हर’ आणि ‘डोमेन्स’ यांचं फक्त पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळं लहान. क्वाडमधला ९ हा आकडाच आहे. ओळीच्या सुरुवातीला # असेल तर ते काढा, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही. पत्त्यानंतरचं # मात्र राहू द्या: समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र कोणत्या नावाशी पडताळायचं, ते त्याच्यापुढे लिहिलेलं असतं.

तिसरी ओळ क्षुल्लक दिसते, पण तीच विसरली जाते. ती नसेल तर प्रत्येक नव्या वायफायसोबत येणारा राउटरचा डीएनएसही यादीत बरोबरीने बसतो आणि प्रश्न त्याच्याकडेही जातात. शिवाय ‘येस’मुळे त्या राउटरकडूनही टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीची, अपेक्षा धरली जाते. साध्या राउटरला ते जमत नाही आणि साइट अडखळत उघडतात.

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. सेवा पुन्हा सुरू करा आणि तपासा:

रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी विकिपीडिया.ऑर्ग

उत्तराच्या तळाशी माहिती ‘लोकल ऑर एन्क्रिप्टेड ट्रान्सपोर्ट’ने आली का, असं सांगणारी ओळ असते; तिच्यापुढे ‘येस’ हवं. मग टीसीपीडंपची आज्ञा पुन्हा चालवा. पोर्ट ५३ वर आता शांतता असेल, आणि पोर्ट ८५३ टाकून बघितलंत तर न वाचता येणारी पाकिटं जाताना दिसतील. जोडणीच्या नावाऐवजी ‘एनी’ मात्र टाकू नका. संगणकातले प्रोग्राम आतल्या आत १२७.०.०.५३ या पत्त्यावर उघडेच प्रश्न विचारतात. ते दिसले की कुलूप लागलंच नाही असं वाटतं, पण ते प्रश्न यंत्राबाहेर जात नाहीत.

‘येस’ऐवजी ‘ऑपॉर्च्युनिस्टिक’ हाही पर्याय आहे. त्यात टीएलएस जमलं नाही की प्रश्न गुपचूप उघड्याने जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. घरच्या जोडणीवर ‘येस’च ठेवा. काही अडलं तर ते दिसलं तरी पाहिजे.

यानंतर अडतं ते कुठे

*घड्याळ.* लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता आणि आतली बायोसची बॅटरी संपली, तर घड्याळ मागे राहतं. सर्व्हरचं प्रमाणपत्र मधल्या काळात बदललेलं असलं की लॅपटॉपच्या हिशेबाने ते अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून डीएनएस बंद. घड्याळ दुरुस्त करणारा सर्व्हर शोधायलाही डीएनएसच लागतं, त्यामुळे गाठ आपोआप सुटत नाही. सेटिंग्जमध्ये आपोआप वेळ बंद करा, तारीख-वेळ हाताने लावा, नेट आलं की आपोआप पुन्हा चालू करा. शेजारी विंडोज असेल आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे दिसत असेल, तर कारण वेगळं आहे: विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. एवढ्या फरकाने प्रमाणपत्र सहसा अडत नाही.

*हॉटेल, स्टेशन, विमानतळ.* इथल्या वायफायचं लॉगिनचं पान त्यांच्याच डीएनएसवर अवलंबून असतं आणि पोर्ट ८५३ अनेकदा बंद असतं. तीनही ओळींपुढे # टाका, सेवा पुन्हा सुरू करा, लॉगिन करा, # काढा, पुन्हा सुरू करा. लॉगिननंतरही ८५३ बंदच राहिलं, तर तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट बरा.

*फायरफॉक्स.* सेटिंग्जमधल्या गोपनीयता आणि सुरक्षा विभागात ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ आहे. ते ‘मॅक्स प्रोटेक्शन’वर असेल तर फायरफॉक्स आपण लिहिलेली फाइल विचारातच घेत नाही. फायरफॉक्समध्ये सगळं उघडतं पण सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, किंवा याच्या उलट, असं दिसलं की आधी इथे बघा. फाइलमधली व्यवस्था नीट चालत असेल तर हे ‘ऑफ’ ठेवावं, म्हणजे बिघाड एकाच जागी शोधावा लागतो.

आता विश्वास कुणावर, हेही नीट समजून घ्या. प्रश्न आता इंटरनेट कंपनीऐवजी क्वाड९ ही ना-नफा संस्था बघते; तिचं मुख्य कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे. शिवाय तुम्ही कोणत्या आकडी पत्त्याशी जोडले गेलात हे इंटरनेट कंपनीला अजूनही दिसतं, आणि टीएलएसच्या पहिल्या पाकिटात साइटचं नाव पुष्कळदा उघडं असतं. तेही झाकायचं असेल तर त्या कामापुरता टॉर ब्राउझर (जोडणी अनेक टप्प्यांतून फिरवून नेणारा ब्राउझर) वापरा. त्यात नाव शोधण्याचं काम टॉरच्या शेवटच्या टप्प्यावर होतं आणि या फाइलशी त्याचा संबंधच येत नाही.