एका पुस्तकाच्या धाग्याने दुसऱ्यापर्यंत

वाचनात विविधता हवी असेल, तर ग्रंथालयातील विषयवार कपाटे धुंडाळण्याऐवजी आवडलेल्या एका पुस्तकातील माणसांचा माग काढावा. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांची भक्तिपर कविता आणि त्यांनी आरंभिलेले, पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने वाढवलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील महाकाव्य आपोआप सापडते. तेथून मराठी ख्रिस्ती साहित्यात आणखी मागे सरकल्यास बाबा पदमनजींची १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या दुःस्थितीवरील कादंबरी (कथानक बेताचेच, पण तपशील बोलका) आणि फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये गोव्यात छापलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लागते. हे पुराण मात्र सलग वाचू नये; रोज थोड्या ओव्या मोठ्याने म्हणाव्यात, म्हणजे जुन्या भाषेला कान सरावतो.