एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडण्यापूर्वी

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) विकणारा सांगतो, "तुमची गाडी 7,700 पौंड ओढते, हा ट्रेलर तर 4,500 पौंडांचाच आहे." दोन्ही आकडे खरे असतात, तरीही गणित फसतं. 4,500 हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. बॅटरी, गॅस, भांडीकुंडी, अंथरुणं, कणकेच्या आणि तांदळाच्या पिशव्या भरल्या की तो सहज 5,800 वर जातो. 40 गॅलनची पाण्याची टाकी भरून नेली तर तिचेच सुमारे 330 पौंड.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलवर यावा लागतो. याला टंग वेट म्हणतात आणि तो गाडीच्या पेलोडमधून (माणसं आणि सामान मिळून गाडी पेलू शकते त्या वजनातून) वजा होतो. पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. समजा तो 1,350 आहे. चार माणसं 520, डिकीतलं सामान 150, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (स्प्रिंग बार लावून बॉलवरचा भार इतर चाकांवर वाटणारी जोडणी) 80 आणि 5,800 च्या 13 टक्क्यांनी टंग वेट साधारण 750. बेरीज 1,500. म्हणजे ओढायची क्षमता शिल्लक असताना पेलोड 150 पौंडांनी ओलांडला. बहुतेक कौटुंबिक एसयूव्ही इथेच अडकतात, म्हणून ट्रेलर पसंत करण्याआधी हा स्टिकर वाचा.

वजन अंदाजाने धरू नका. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर थोड्या पैशांत वजनकाटा मिळतो. माणसं आणि सामान तेच ठेवून एकदा नुसती गाडी तोला, एकदा ट्रेलर जोडून, पण हिचचे स्प्रिंग बार न लावता. दुसऱ्या वेळी गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर जेवढं वजन वाढलं, तेवढं टंग वेट. बार लावून तोललंत तर काही भार ट्रेलरच्या चाकांवर सरकतो आणि आकडा फसवा येतो.

टंग वेट 10 टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे मागच्या बंपरला टांगलेल्या सायकली, किंवा अ‍ॅक्सलच्या मागे असलेली पाण्याची भरलेली टाकी. जड सामान अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, जमिनीलगत ठेवा. सगळं अगदी पुढच्या टोकाला कोंबलं तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

जोडताना आधी बॉलचं माप बघा. 2 5/16 इंचाचा कपलर (ट्रेलरच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी) 2 इंचाच्या बॉलवर आरामात बसतो, आणि पहिल्याच खड्ड्यात निसटू शकतो. कपलर बसवून लॅच लावा, पिन घाला आणि मग जॅकने ट्रेलरचं नाक वर घ्या. गाडीचा मागचा भाग सोबत इंच-दोन इंच उचलला गेला तर पकड पक्की. साखळ्या टंगखाली (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली) एकमेकींना ओलांडून अडकवा, म्हणजे कपलर सुटलाच तर टंग रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर पडेल. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर आपली पिन खेचून त्याचे ब्रेक लावणारी तार) मात्र साखळीला किंवा बॉल माउंटला (बॉल बसवलेल्या, निघू शकणाऱ्या दांड्याला) नको, थेट गाडीला जोडलेल्या रिसीव्हरला हवी. बॉल माउंटच निघून आला तर केबलही त्याच्याबरोबर जाईल, मग पिन खेचली जाणार नाही आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत.

ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ठरवणारं गाडीतलं यंत्र) सपाट, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर ताशी 25 मैलांच्या वेगात जुळवून घ्या. हाताने त्याचा लिव्हर दाबला की ट्रेलरने गाडीला मागून ठाम ओढलं पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. वजन बदललं की हे परत करा. टायरमधली हवा थंड असताना तपासा. ट्रेलरसाठीच्या अनेक खास (एसटी) टायरांची वेगमर्यादा 65 मैलच असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच 55. चाक बदललं असेल तर 10, 25 आणि 50 मैलांनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

तरीही ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, डोलण्याच्या उलट फिरवत बसू नका, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक लिव्हरने लावा. मग थांबून सामानाची मांडणी बदला. नुसतं "वारा होता" म्हणून पुढे निघू नका. उतारावर मात्र आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून निकामी होतात, त्यापेक्षा थोड्या वेळासाठी जोरात दाबून सोडा.

गॅसचे सिलिंडर प्रवासात बंद ठेवा, फ्रिज काही तास तसाच थंड राहतो. न्यू जर्सीहून आय-95 ने दक्षिणेला जाणाऱ्यांना बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनचे असे सिलिंडर नेता येत नाहीत, ते बंद असले तरीही. शहराभोवतीच्या आय-695 वरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल 26 मार्च 2024 ला कोसळल्यापासून पूर्वेची वाटही गेली. ट्रेलरवाल्यांनी शहराच्या पश्चिमेकडून आय-695 घ्यावा.