कर्णबधिर मुलांना नोकरी-धंद्याची ओळख: सातवी-आठवीपासून काय करायचं

मी चिपळूणजवळच्या एका निवासी कर्णबधिर शाळेत शिकवते. दहावीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, आता याचं पुढे काय?" तोवर आयटीआयचे फॉर्म सुरू झालेले असतात, कागद गोळा करायला वेळ उरलेला नसतो. मग मुलीला शिवण आणि मुलाला सुतारकाम, असं दोन दिवसांत ठरून जातं. ती कामं वाईट नाहीत, पण ती त्या मुलानं निवडलेली नसतात. निवडायला आधी काही माहीत असावं लागतं. म्हणून शिक्षक आणि पालक या दोघांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात घरातल्या गप्पांपासून

ऐकणाऱ्या मुलाला नोकरी म्हणजे काय हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. गणपतीत चाकरमानी गावी येतात, ओटीवर गप्पा रंगतात. कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, साहेबानं रजा द्यायला कुरकुर केली, बोनस अजून हातात पडला नाही. आठवीतलं पोर खेळता खेळता हे सगळं ऐकतं. त्याच ओटीवर बसलेल्या कर्णबधिर मुलाला फक्त हलणारे ओठ आणि हसणारे चेहरे दिसतात. त्यानं काय म्हणून खुणेनं विचारलं तर कुणीतरी "काही नाही, कामाचं बोलतोय" असा हात हलवून मोकळं होतं. वर्षानुवर्षं असंच चाललं की वर्गातल्या हुशार मुलालाही पगार कोण देतं, काम सोडताना कुणाला सांगायचं असतं का, याची कल्पना नसते. त्याची समज कमी नसते, त्याच्यापर्यंत काही आलेलंच नसतं. हे राहून गेलेलं त्याला देणं हे मार्गदर्शनाचं पहिलं काम. कुठला कोर्स घ्यायचा, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

त्यासाठी आठवीच्या मुलांना गणपतीच्या सुट्टीला जाताना मी एक जाड कागदाचं कार्ड देते. त्यावर मोठ्या अक्षरात सहा प्रश्न असतात: तुम्ही काय काम करता? ते कुठे शिकलात? काम कसं मिळालं? किती वाजता जाता, किती वाजता येता? आजारी पडलात तर काय करता? कामातलं काय आवडत नाही? मुलानं घरातल्या एका कमावत्या माणसाला गाठायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची. लिहिणं जमत नसेल तर मोबाइलवर फोटो मागायचा: कामाची जागा, यंत्र, गणवेश, डबा खायची जागा. सुट्टीनंतर ती कार्डं वर्गात लावायची आणि प्रत्येकानं आपल्या काकाचं किंवा आत्याचं काम खुणांच्या भाषेत सांगायचं. पालकांना माझं सांगणं असं की कार्ड मुलाच्या हातून घेऊन तुम्हीच भरू नका. मुलगा आणि काका समोरासमोर बसले पाहिजेत, मग अर्धा तास लागला तरी चालेल.

नववीत पगाराचा कागद घ्या. मी फळ्यावर खोटी पगारपावती काढते. मूळ पगार 10,000 रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,200 गेले, कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) 0.75 टक्के म्हणजे 75 गेले. हातात 8,725. एकदा एक मुलगा रागानं उठला आणि मालक चोर आहे अशी खूण करून बसला. मग मालकही स्वतःच्या खिशातून त्याच्या नावावर पैसे भरतो, ते नंतर व्याजासकट मिळतात, विम्याच्या पैशातून दवाखाना होतो, हे सगळं नाटक करून दाखवावं लागलं. एक मुलगा मालक, एक कामगार, एक दवाखान्यातला कारकून. हा तास घाईनं उरकू नका. पुढे पहिल्याच महिन्यात पैसे कमी आले म्हणून भांडून काम सोडणारी मुलं याच गोष्टीवर अडलेली असतात. रजेचंही तसंच. शाळेला सुट्टी असते तेव्हा कुणाला विचारावं लागत नाही, कामावर रजा मागावी लागते. अर्ज लिहिण्याचा आणि व्हॉट्सॲपवर चार ओळींत रजा कळवण्याचा, असा दोन्हींचा सराव घ्या.

कर्णबधिर मोठी माणसं दाखवा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा तरी बोलवा. आणि ते मुलांशी बोलत असताना आपण शिक्षकांनी मध्ये पडू नका. मुलं त्यांना जे विचारतात ते आपल्याला कधी विचारत नाहीत. साहेब काम कसं सांगतो, लोक चिडवतात का, लग्न कसं जमलं, गाडी चालवता का. (गाडीचं उत्तर हो असं आहे. कर्णबधिर व्यक्तींना वाहन परवाना देता येतो, हे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं 2016 मध्ये राज्यांना कळवलेलं आहे.) सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, हेही मुलांना जरूर सांगा. पण देवरुखच्या प्रेसमध्ये काम करणारा आपल्याच शाळेचा दादा त्यांना अधिक पटतो, कारण त्याला ते हात लावून प्रश्न विचारू शकतात.

कामाच्या जागी न्या, आणि मुलांकडे बघत राहा

आपल्या कोकण पट्ट्यात दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. लोटे, महाड, कुडाळच्या औद्योगिक वसाहती, आंब्याचे कॅनिंगचे कारखाने, मिरकरवाड्याचं मासळी बंदर, पेणचे गणपतीचे कारखाने, सावंतवाडीची लाकडी खेळणी, दापोलीचं कृषी विद्यापीठ. दापोलीला कलमं बांधणाऱ्या माळ्याशेजारी मुलांना नुसतं उभं करा. तो खुंटाला चीर देतो, काडी पाचरीसारखी तासतो, चिरेत बसवतो, पट्टी गुंडाळतो. शब्दाशिवाय सगळं समजतं. कलमांच्या रोपवाटिकेला कोकणात मरण नाही, आणि ज्याच्या घरी थोडी जमीन आणि पाणी आहे त्याच्यासाठी हा विचार मी मनापासून सुचवते.

भेटीत एक गोष्ट मात्र जपा. मूल कुठे थांबतं ते बघा, पण त्यावरून लगेच शिक्का मारू नका. काजूच्या कारखान्यात आमची एक मुलगी प्रतवारीच्या टेबलापाशी खिळून राहिली. 240 चे काजू मोठे, 320 चे लहान. एका पौंडात साधारण किती गर बसतात त्यावरून ते आकडे ठरतात. बायका नजरेनंच वेगळे करत होत्या. हिनंही बघता बघता मूठभर बरोबर निवडले. नजर चांगली आहे, हिला इथेच लावून टाका, असं सोबतच्या सगळ्यांना वाटलं. परत आल्यावर तिनं वहीत लिहिलं: "भाव कोण ठरवतो? कागद कोण लिहितो?" तिला तो हिशेब हवा होता. पुढे तिनं आयटीआयला कोपा, म्हणजे संगणकाचा ट्रेड घेतला. भेटीनंतर प्रत्येक मुलाकडून दोन प्रश्न लिहून घ्यायचा नेम ठेवा. त्याचा कल हातांपेक्षा प्रश्नांतून जास्त कळतो.

कागदपत्रं आठवीतच

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आजच अर्ज करा. बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू किती प्रतिसाद देतो हे यंत्रावर मोजणारी कानाची तपासणी, जवळ होत नसेल तर दुसऱ्या शहरात जावं लागतं, आणि तारीख मिळण्यातच महिने जातात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ऐकण्याचा 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर बधिर, आणि 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारे, असं धरतात. सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातली 1 टक्का या दोन गटांची. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा, शिवाय वयात 5 वर्षांची सूट.

दहावीच्या विषयांची सवलत घेताना मात्र घाई नको. सोपं पडेल म्हणून गणित-विज्ञान सोडायचा विचार असेल तर आधी आयटीआयची माहितीपुस्तिका उघडा. फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडना दहावीला हे विषय लागतात. पंधराव्या वर्षी सोडलेल्या विषयामुळे अठराव्या वर्षी दार बंद झालेलं मी पाहिलं आहे, आणि त्या मुलाला ते का बंद झालं हे समजावणं फार कठीण असतं. लिपिकाच्या नोकरीकडे डोळा असेल तर दहावीनंतर लगेच टायपिंग सुरू करा, मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, तिथे तपासणी आणि सल्ला दोन्ही मिळतं. एकदा जाऊन या.

मालकाशी बोलणं आणि पहिला महिना

कारखान्यात पहिला आक्षेप ठरलेला असतो: ऐकू येत नाही, अपघात झाला तर? याचं उत्तर तयार ठेवून जा. भोंग्याच्या जोडीला लाल दिवा लावता येतो. मालाच्या गाड्या जिथून मागे येतात त्या वाटेकडे पाठ करून बसायची जागा देऊ नये. धोक्याच्या वेळी खांद्यावर हात ठेवून सांगणारा एक जोडीदार नेमावा. खर्च फारसा नाही, हे सुपरवायझरला त्या जागेवर उभं राहून दाखवलं की तो ऐकतो. मुलाखतीला दुभाष्या हवा असेल तर आठवडाभर आधी लेखी कळवा. आणि मुलाखत घेणारा आपल्याकडे बघून "याला काय येतं?" असं विचारू लागला तर उत्तर देऊ नका, मुलाकडे हात करा. त्यानं स्वतःची फाइल उघडून आपलं काम दाखवायचं, हा सराव दहावीच्या वर्षभर करून घेतलेला असला पाहिजे.

कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुपरवायझरला भेटा, नंतर पहिल्या पगाराच्या दिवशी मुलाला. सूचना लिहून किंवा करून दाखवायला सांगा, कारण मान डोलावणं म्हणजे कळलं असं नसतं. आमची मुलं न कळताही मान हलवतात. "कळलं का?" असं न विचारता "करून दाखव" म्हणायचं, हे सुपरवायझरला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. आणि रात्री आठ ते नऊ व्हिडिओ कॉलला कोण हजर असेल, शिक्षक की मोठा भाऊ, हे कामाला जाण्यापूर्वी ठरवून त्याचा नंबर मुलाच्या फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा.