रिकम्बंट बाइक घेताय? आधी खुर्ची तपासा, मग सायकल. या चुका टाळा

आईचा उजवा गुडघा बदलला, त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या घरात व्यायामाची सायकल आली. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘बॅक सपोर्ट’ लिहिलं होतं, फोटोत सीटच्या मागे छोटी गादीही दिसत होती, म्हणून मी डोळे झाकून मागवली. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली, पाय उचलून बघितला आणि म्हणाली, “अरे, हिच्यावर चढायला मला आधी स्टूल लागेल.” पुढचं दीड वर्ष ती सायकल बाल्कनीत होती. टॉवेल मात्र तिच्यावर छान वाळायचे.

दुसऱ्या वेळी खरी रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय समोर पसरून चालवायची सायकल, आणली आणि त्यातही दोन-तीन चुका केल्याच. त्यानंतर सोसायटीतल्या चार-पाच घरांच्या खरेदीत मला सल्लागार म्हणून ओढलं गेलं. सगळीकडे घोळ तोच: लोक स्क्रीन, पेडलच्या जडपणाच्या लेव्हल आणि फ्लायव्हीलचे (आत फिरणाऱ्या जड चकतीचे) किलो बघतात. पण ही वस्तू आधी खुर्ची आहे. खुर्ची अंगाला बसली नाही, तर पुढचं सगळं फुकट.

गादी लावली म्हणून रिकम्बंट होत नाही

ओळखायची खूण पाठीमागे नाही, पेडलपाशी आहे. उभ्या सायकलवर पेडल बुडाच्या खाली येतात. रिकम्बंटवर ते समोर असतात, साधारण कमरेच्या पातळीला किंवा थोडे खाली, आणि पाय पुढे पसरतात. अंगाचा भार मोठ्या सीटवर आणि पाठीच्या टेक्यावर वाटला जातो. मनगटं मोकळी, मान सरळ. दुसरी खूण म्हणजे सीट आणि हँडल यांच्या मधून पाय फारसा न उचलता पलीकडे जाता येतं का. मधला दांडा घोट्यापेक्षा बराच उंच असेल तर म्हाताऱ्या माणसाला रोज तेवढा अडथळा ओलांडायचा आहे. घडी होणाऱ्या ‘सेमी-रिकम्बंट’ सायकली जागा वाचवतात, पण त्यांची सीट बहुधा उंच असते आणि जोर लावला की डुलतात. धडधाकट माणसाला चालतील. ऑपरेशन झालेल्याला नकोत.

थोडं विषयांतर. पाठ टेकून चालवायची ही सायकल मुळात आजाऱ्यांसाठी नव्हती. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने अशाच आडव्या सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विक्रम केला. आडवं बसल्याने वारा कमी अडतो. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हा आकार शर्यतीतून बाद केला. दिवाणखान्यात वारा कापायचा नसतो, त्यामुळे आपल्या कामाची राहते ती फक्त पाठ.

आणि ती पाठ सगळ्यांनाच लागते असं नाही. कंबर आणि गुडघे ठीक असतील आणि दम लागेपर्यंत ताणायचं असेल, तर उभी किंवा स्पिन बाइक बरी. रिकम्बंटवर उभं राहून जोर लावता येत नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं: बसून केलेल्या व्यायामात हाडांवर वजन पडत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर सायकल आली म्हणून चालणं सोडू नका.

पाच फुटांच्या माणसाचं काय?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्याकडच्या आई-मावश्यांची उंची पाच फुटांच्या आसपास, आणि बरीच यंत्रं त्याहून उंच माणसं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. आमच्या दुसऱ्या सायकलची सीट सगळ्यात पुढच्या खाचेत आणली तरी आईला पेडल दूर ढकलताना टाच उचलून चवडा ताणावा लागायचा. कंबर डावी-उजवीकडे सरकायची. आठवडाभरात गुडघा राहिला बाजूला, कंबर दुखायला लागली.

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या तेव्हा त्यांनी आईला बसवलं, एक पाय पूर्ण पुढे न्यायला लावला आणि गुडघ्याखाली हात घातला. “काकू, पाय इतका सरळ नको. इथे थोडा बाक राहायला हवा.” पेडल सगळ्यात दूर असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, हा ढोबळ नियम. कोनमापक लागत नाही. टाच पेडलवर ठेवून पाय पुढे न्या. तो कंबर न सरकवता जवळजवळ सरळ होत असेल, तर चवडा ठेवल्यावर आपोआप योग्य बाक येतो. सीट फार जवळ असली तर उलटा त्रास: गुडघा छातीकडे येतो, वाटीवर दाब पडतो.

गुडघा बदललेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पेडलची पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण १०० ते ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर जबरदस्तीने फेरी पूर्ण करू नये. आईने पहिले दहा दिवस पेडल नुसते पुढे-मागे झुलवले, पाळण्यासारखे. मग एका सकाळी फेरी पूर्ण झाली, आणि ती बातमी नाशिकच्या मावशीपर्यंत पोहोचली. कधी सुरू करायचं हे अर्थात सर्जन आणि फिजिओ ठरवतील. हृदयाचा त्रास किंवा पायात गुठळी होऊन गेली असेल तर विचारल्याशिवाय बसूच नये.

म्हणून दुकानात जाताना ज्याच्यासाठी घ्यायची त्याला सोबत न्या. ते शक्य नसेल तर घरी त्याला भिंतीला टेकून अनवाणी उभं करा, दोन्ही पायांमध्ये वर दाबून एक पुस्तक आडवं धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ही पायाची आतली लांबी. विक्रेत्याला कमीत कमी किती लांबी चालते ते विचारा. नुसत्या उंचीवर भागत नाही. एकाच उंचीच्या दोघांचे पाय वेगळे असतात.

दुकानात किमान दहा मिनिटं बसवा. टेका कुठे लागतो, उठताना सीटच्या बाजूच्या दांड्यांना धरून उठता येतं का, सीट फार खोल तर नाही, हे पहिल्या मिनिटात कळत नाही. पायाला मुंग्या येत असतील तर पेडल सीटच्या मानाने उंच आहेत का बघा. टेका जाळीचा असेल तर उत्तम. रेक्झिन एप्रिल-मेमध्ये पाठीला चिकटतं. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर सीट सरकवायचा खटका बसल्या जागी हाताला येणारा हवा. आमच्यात तो खाली मागे आहे, त्यामुळे दर वेळी उतरावं लागतं. रेलवर नेलपॉलिशने खुणा केल्यात: लाल आईची, निळी माझी.

सगळे वरची लेव्हल विचारतात, खालची कोणी नाही

चुंबकाच्या रेझिस्टन्समध्ये, म्हणजे पेडल जड करणाऱ्या यंत्रणेत, काहीच कशावर घासत नाही. धातूची चकती चुंबकांजवळून फिरते, तिच्यात विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते तिला मागे ओढतात. चुंबक जवळ आणला की ओढ वाढते. त्यामुळे आवाज कमी, झीज जवळपास नाही. स्वस्त यंत्रांत चकतीवर फेल्टचा (जाड लोकरी कापडासारखा) पॅड दाबला जातो. तो झिजतो, तापतो, कधी कधी वास येतो. फरक दोन-चार हजारांचा असेल तर चुंबकाचीच घ्या.

पण एका कंपनीची ८ वी लेव्हल आणि दुसरीची ८ वी लेव्हल यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. ‘३२ लेव्हल’ म्हणजे चौपट जोर असं मुळीच नाही. साठीपुढच्या माणसासाठी पहिली लेव्हल किती हलकी आहे ते तपासा. थांबलेलं पेडल दुखऱ्या पायाने हलवता येतं का? फ्लायव्हीलच्या किलोंवरूनही भाळू नका. पट्टा चकतीला किती पट वेगाने फिरवतो यावरही पेडलचा गुळगुळीतपणा ठरतो. हळू पेडल मारताना दर फेरीत गचका जाणवला तर वजन कितीही छापलेलं असो, ती सोडून द्या.

वजनाची मर्यादा मात्र गांभीर्याने घ्या. १०० किलोची मर्यादा आणि ९६ किलोचा माणूस, असं काठावर घेऊ नका. आमचे एक शेजारी तसे बसले, चार महिन्यांत सीटचा रेल खडखडायला लागला.

स्क्रीनवरच्या कॅलरी

यंत्राने तुमचं वजन विचारलंच नसेल तर त्या कॅलरी कोणाच्या? बहुतेक घरगुती सायकली फेऱ्या मोजतात आणि बाकीचं अंदाजाने गुणाकार करून दाखवतात. हँडलवरची नाडी घामट किंवा हलत्या हाताने भलतंच सांगते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या चालू असतील तर नाडी मुळातच दबलेली असते, आकड्याच्या मागे लागून जोर वाढवणं धोक्याचं. त्यापेक्षा सोपं माप: पेडल मारताना शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तो मध्यम म्हणजे साधारण हाच. सुरुवात मात्र पाच-सात मिनिटांनी.

आधी फरश्या मोजा

रिकम्बंट लांबीला १४० ते १७० सेंटिमीटर, रुंदीला ६०-७०. फ्लॅटमधली फरशी बहुधा दोन बाय दोन फुटांची असते, म्हणजे लांबीत जवळपास तीन फरश्या, रुंदीत एकीपेक्षा थोडं जास्त, शिवाय बसायच्या बाजूला माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. खडूने चौकट आखा आणि दोन दिवस घरच्यांना तिच्याभोवतून वावरू द्या. कपाटाचं दार अडतं की नाही ते लगेच कळेल. वजन बरेचदा ३०-४५ किलो; चाकं पुढे असली तरी मागचा भाग उचलावाच लागतो. बाल्कनीत ठेवायचा विचार मुंबई-कोकणात तर सोडाच. खारी हवा आणि पावसाची झड सीटच्या रेलला गंज चढवते, मग सीट सरकतच नाही.

डावा पेडल उलटा फिरतो

जोडणीतली नंबर एकची चूक. भाच्याने उत्साहाने डावा पेडल घड्याळाच्या दिशेने पिळला, बसेना म्हणून पाना लावून आणखी पिळला. क्रँकमधले (पेडल ज्यात बसतो त्या दांड्यातले) आटे गेले. पेडलवर L आणि R कोरलेलं असतं. डावा पेडल घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो. आधी दोन-तीन आटे नुसत्या बोटांनी जायला हवेत, अडलं तर काढून पुन्हा सरळ लावा, मगच पाना. आटे गेले की बहुतेक वेळा क्रँकच बदलावा लागतो, आणि त्याला वॉरंटी मिळेलच असं नाही.

पेडलचे पट्टेही लावा. रिकम्बंटवर पाय समोर अधांतरी असतो, पट्टा नसेल तर घसरतो. अनवाणी किंवा स्लिपर घालून नको. साडीच्या निऱ्या आणि गाऊनचा घेर क्रँकमध्ये अडकतो; आई आता सलवार घालते, सुरुवातीला कुरकुर केली ती केली.

बिघडली तर आधी हे बघा

डिस्प्ले बंद: सेल बदला, मग खांबातल्या वायरची जोडणी खेचून पुन्हा बसवा, जोडणी करताना ती बरेचदा खांबात चेपते. पेडल फिरतंय पण वेग शून्य: क्रँकजवळचा सेन्सर आणि त्याचा छोटा चुंबक एकमेकांपासून सरकलेत. नॉब फिरवला तरी लेव्हल बदलत नाही: तारेचा हूक सुटलाय, नॉब पहिल्या लेव्हलवर ठेवूनच तो अडकवायचा. डुलतेय: खालच्या टोप्या फिरवून पातळी साधा. दर फेरीला एकच खट: क्रँकचा नट सैल. तो लगेच घट्ट करा, सैल क्रँक तसाच चालवला तर तो कायमचा खराब होतो. तेलाचा फवारा मात्र झाकणाच्या फटीतून आत मारू नका. पट्ट्यावर तेल गेलं की तो घसरतो.

आणि करकर येत असेल, तर सगळं उघडायच्या आधी टेका बघा. मी दोन रविवार पेडल, क्रँक, रेल सगळं आवळत बसलो होतो. आवाज येत होता टेक्यावरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाचा, जे आईने ‘नवीन आहे, खराब होईल’ म्हणून काढू दिलं नव्हतं. शेवटी काढलं. आवाज गेला. आईने त्याची नीट घडी करून माळ्यावर ठेवली आहे.