परावलंबी ज्येष्ठांच्या दातांचे उपचार : दंतवैद्याकडे नेण्याची तयारी

परावलंबी झालेल्या माणसाचा दात दुखत असला तरी तो तसे सांगेलच असे नाही, आणि स्मृतिभ्रंश असल्यास त्याला ते सांगताही येत नाही. घास गालात धरून ठेवणे, एकाच बाजूने चावणे किंवा बसवलेली कवळी सारखी काढून टाकणे, यांकडे हट्ट म्हणून न पाहता दुखण्याची खूण म्हणून पाहावे. आठवड्यातून एकदा, कवळी काढून, बॅटरीच्या उजेडात हिरड्या, जिभेच्या कडा आणि गालांची आतली बाजू तपासावी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे.

वेळ ठरवण्यासाठी फोन कराल, तेव्हा रुग्णाला खुर्चीवर बसवता येते का आणि आडवे केल्यावर ठसका लागतो का, हे आधीच सांगावे, तसेच दवाखान्याला पायऱ्या किती आहेत हेही विचारून घ्यावे. काही दंतवैद्य सुटसुटीत उपकरणे घेऊन घरी येतात आणि तपासणी किंवा कवळीची दुरुस्ती पुष्कळदा घरीच होते, त्यामुळे तसा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. रुग्ण दिवसाच्या ज्या प्रहरी शांत असतो, तीच वेळ मागावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेल्या इंजेक्शनचा उल्लेख मात्र हमखास राहून जातो, कारण ते सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदाच दिले जाते आणि गोळ्यांच्या डबीत दिसत नाही. अशा औषधांनंतर दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही, म्हणून दंतवैद्याला ते आधी कळायला हवे.

घरी दात घासताना रुग्णाला ताठ बसवून हनुवटी किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. तोंड उघडत नसेल, तर दातांमध्ये बोट घालू नये. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून साध्या पाण्यात ठेवावी, कारण उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो आणि मग ती हिरड्यांना काचू लागते.