जुन्या घरांचे ऊर्जा-नूतनीकरण कारखान्यात : डच पद्धत कशी राबवावी

या पद्धतीत जुन्या घराची ऊर्जेची गरज घटवण्यासाठी भिंतींची आणि छपराची तयार पॅनेल कारखान्यात बनवून ती घरावर बाहेरून बसवतात. सर्वांत आधी घरांची निवड करावी, कारण एकाच नमुन्याची पुष्कळ घरे असतील तरच कारखाना परवडतो. म्हणूनच नेदरलँड्समधील ‘एनर्जीस्प्राँग’ कार्यक्रमाने सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या, भाड्याने दिलेल्या साध्या ओळघरांपासून. २०१३ मध्ये भाड्याची घरे चालवणाऱ्या गृहसंस्था आणि बांधकाम कंपन्या यांच्या करारात १,११,००० घरांचे उद्दिष्ट ठेवण्यामागेही कंपन्यांना यंत्रसामग्रीत पैसा घालण्याचा धीर यावा, हाच विचार होता. नक्षीदार दर्शनी भिंतीचे वारसाघर मात्र या पद्धतीच्या वाटेला आणू नये; तिथे कारागीरच हवा.

त्यानंतर मोजमाप, आणि इथे घाई अजिबात करू नये. जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते, आणि एकाच आराखड्यावर बांधलेल्या शेजारच्या घरांतही खिडक्या थोड्या वर-खाली असतात. म्हणून प्रत्येक घराचे लेझर स्कॅनिंग करून त्यावरूनच पॅनेलचे रेखाचित्र काढावे. क्रेनला पॅनेल टांगलेले असताना सापडलेली चूक सर्वांत महाग पडते. घरात आरोग्यास घातक अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, पॅनेलचा भार जुना पाया पेलेल का, हेही याच टप्प्यावर तपासावे.

लाकडी सांगाडा, उष्णतारोधक भरण आणि तिहेरी काचेच्या खिडक्या कारखान्यातच जोडून संपूर्ण दर्शनी भिंत तयार होते. छप्पर सौर पॅनेलसह येते, तर बाहेरची उष्णता घरात ओढणारा उष्णता पंप, गरम पाण्याची टाकी आणि वायुवीजन यंत्र एकाच कपाटात बसवून ते घराबाहेर उभे करतात. खर्च वाचवण्यासाठी वायुवीजन कधीही गाळू नये, कारण फटी बुजवलेल्या घरात ओल साचून भिंतींना बुरशी धरते. जागेवरचे काम साधारण आठ-दहा दिवसांत उरकते आणि रहिवाशांना घर सोडावे लागत नाही.

खरी कसोटी पैशांची आहे. २०१६ च्या डच कायद्यानुसार, घराने ठरलेली ऊर्जा-कामगिरी (ऊर्जेचा किती कमी वापर आणि किती निर्मिती) गाठली तर वाचलेल्या वीज-गॅस बिलाच्या जागी घरमालक भाडेकरूकडून ठरावीक शुल्क घेऊ शकतो. म्हणून बांधकाम कंपनीकडून कामगिरीची दीर्घ मुदतीची लेखी हमी घ्यावी, आणि हमी न देणाऱ्या कंपनीची निविदा कितीही स्वस्त असली तरी बाजूला ठेवावी. दहा किंवा अधिक घरांच्या संकुलात ७० टक्के भाडेकरूंची संमती मिळाली, की नूतनीकरणाचा प्रस्ताव वाजवी असल्याचे कायदा गृहीत धरतो. ती मिळवण्यासाठी आधी एक नमुना घर पूर्ण करून सर्वांना आतून दाखवावे. मीटर पहिल्या दिवसापासून लावावेत आणि पहिल्या हिवाळ्यातील नोंदी हमीतील आकड्यांशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या ओळीतील घरांची मागणी नोंदवावी.