आरमधील पॅकेजच्या आवृत्त्या जुळत नसतील, तर या चुका टाळा

नाशिकमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी आर ही संगणकभाषा शिकवतो. लासलगाव बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि भाव यांचा आलेख काढणे हा आमचा पहिला सराव असतो; पण अनेकांचे काम आलेखापर्यंत पोहोचण्याआधीच, माहितीची जुळवाजुळव करणारे ‘डीप्लायर’ हे पॅकेज (आरला जोडायचा तयार फंक्शन्सचा संच) लोड करताना अडते. पडद्यावर लाल अक्षरांत येणाऱ्या संदेशाचा आशय साधारण असा असतो : ‘आरलँग’ या दुसऱ्या पॅकेजची १.०.६ ही आवृत्ती आधीच लोड झालेली आहे, मात्र १.१.० किंवा तिच्यापुढची आवृत्ती हवी आहे.

हा संदेश पूर्ण न वाचणे ही पहिली चूक. आपण मागितले डीप्लायर, त्यामुळे दोष डीप्लायरमध्येच असणार असे समजून विद्यार्थी तेच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत राहतात. वास्तविक डीप्लायर स्वतः ठीक असते. ते ज्या आरलँग, व्हीसीटीआरएस, सीएलआय यांसारख्या पायाभूत पॅकेजांवर उभे आहे, त्यांपैकी एखादे जुने राहिलेले असते आणि त्याचे नाव त्याच संदेशात स्पष्ट छापलेले असते. आवृत्तीचा क्रमांकही नीट पाहावा. ०.४.१० ही ०.४.९ नंतरची आवृत्ती आहे. तो दशांश अपूर्णांक नव्हे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती म्हणजे चालू सेशनमध्येच, म्हणजे आर बंद करून पुन्हा न उघडता, नवी आवृत्ती इन्स्टॉल करणे. आरच्या एका सेशनमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती लोड राहू शकते, म्हणून डिस्कवर नवी आवृत्ती उतरली तरी मेमरीतील जुनी आपोआप बदलत नाही आणि तोच संदेश पुन्हा येतो. विंडोजवर तर अडचण आणखी वाढते, कारण लोड झालेल्या पॅकेजची डीएलएल ही प्रोग्रॅम-फाइल वापरात असल्याने ती बदलता येत नाही आणि जुने पॅकेज हटवता आले नाही अशी सूचना मिळते. अशा वेळी आरस्टुडिओमध्ये (आर वापरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबून सेशन नव्याने सुरू करावे, कोणतेही पॅकेज लोड करण्याआधी अडलेले पॅकेज इन्स्टॉल करावे, आणि मगच डीप्लायर मागवावे. आरच्या इतर खिडक्या उघड्या असतील, तर त्याही बंद कराव्यात.

माझ्या एका विद्यार्थिनीने हे सर्व केले, तरीही संदेश जाईना. सेशन नव्याने सुरू होताच आरलँग पुन्हा मेमरीत दिसत होते. शोधता शोधता आम्ही तिच्या ‘डॉट आरप्रोफाइल’ फाइलपर्यंत पोहोचलो; सेशन सुरू होताना या फाइलमधील ओळी आपोआप चालतात. पूर्वी कधीतरी तिने त्यात टायडीव्हर्स हा डीप्लायरसह अनेक पॅकेजांचा संच लोड करण्याची ओळ लिहून ठेवली होती, आणि त्याबरोबर आरलँगही लोड होत होते. सेशन बंद करताना जतन केलेली ‘डॉट आरडेटा’ फाइलही अशाच रीतीने जुनी पॅकेजे उघडू शकते, म्हणून ती आपोआप पूर्ववत करण्याचा पर्याय आरस्टुडिओच्या सेटिंगमध्ये बंदच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळेतील संगणकांवर आणखी एक गोष्ट आढळते. तेथे सर्वांसाठीची लायब्ररी (पॅकेजे साठवण्याचे फोल्डर) वेगळी असते आणि प्रत्येकाच्या खात्यातील लायब्ररी वेगळी, त्यामुळे एकाच पॅकेजच्या दोन प्रती दोन ठिकाणी असू शकतात. आर त्यांपैकी यादीत आधी येणाऱ्या लायब्ररीतील प्रत उचलते, मग ती जुनी का असेना. ‘डॉट लिब पाथ्स’ हे फंक्शन ती यादी दाखवते. जुनी प्रत कुठे आहे हे त्यावरून शोधून काढून टाकावी. इन्स्टॉल करताना मध्येच इंटरनेट किंवा वीज गेली, तर लायब्ररीत ‘शून्य शून्य लॉक’ अशा नावाने सुरू होणारे फोल्डर मागे राहू शकते. दुसरे कोणतेही इन्स्टॉलेशन चालू नसल्याची खात्री करून ते हटवावे.

आर अद्ययावत केल्यावर जुन्या लायब्ररीतील सगळी पॅकेजे उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकू नयेत. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीच्या वेळी तर सर्व पॅकेजे नव्याने इन्स्टॉल करणे आवश्यकच होते.

प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात सरसकट सगळी पॅकेजे अद्ययावत करण्याचा मोहही आवरावा. अशा दीर्घ कामासाठी ‘आरएन्व्ह’ हे पॅकेज वापरणे मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण ते प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र लायब्ररी देते आणि ‘स्नॅपशॉट’ घेतल्यावर वापरातील आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवते. मार्गदर्शकांच्या संगणकावर तीच फाइल ठेवून ‘रिस्टोअर’ केले, की त्याच आवृत्त्या उतरवल्या जातात. मात्र आरएन्व्ह खुद्द आर इन्स्टॉल करून देत नाही. लॉक फाइलमध्ये आरची जी आवृत्ती नोंदलेली असते, ती त्या संगणकावर आधी इन्स्टॉल करून घ्यावी.